काँक्रीटची होडी



अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डॅनव्हिल शहराजवळ किकापू नावाचे एक सरकारी उद्यान आहे. एके काळी तेथे उघड्या खाणींतून दगडी कोळसा काढला जात असे. कोळसा संपला, खाणवाले निघून गेले आणि मागे राहिलेल्या खड्ड्यांत पाणी साचून लहानमोठी तळी झाली. पुढे ती जमीन राज्याकडे आली, तिच्यावर झाडी वाढली आणि लोक तेथे मासेमारीला व नौकाविहाराला येऊ लागले. या उद्यानात १९७१ च्या मे महिन्यात दोन विद्यापीठांचे स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी जमले. एक संघ इलिनॉय विद्यापीठाचा होता, तर दुसरा शेजारच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचा. दोघांनीही आपापली होडी बरोबर आणली होती, आणि दोन्ही होड्या सिमेंट काँक्रीटच्या होत्या. ज्या पदार्थाचे पूल, धरणे आणि घरांचे पाये बांधावयाचे, त्याच पदार्थाच्या होडीत बसून ही मुले शर्यत लावणार होती.

या खटाटोपाची सुरुवात इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक क्लाइड केसलर यांच्या वर्गात झाली. काँक्रीट हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९७०-७१ या शैक्षणिक वर्षात त्यांच्या निवडक विद्यार्थ्यांनी काँक्रीटची कनू बांधावयास घेतली. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद आणि हातातील वल्ह्याने चालवावयाची होडी. या होडीला विद्यार्थ्यांनी ‘मिस-लेड’, म्हणजे दिशाभूल झालेली, असे थट्टेचे नाव दिले. ही वार्ता पर्ड्यूत पोहोचली. तेथील मुलांनीही आपली होडी घडवली आणि गोष्ट शर्यतीवर आली. याआधीही काही महाविद्यालयांत आपापसांत असे खेळ झाले होते; परंतु दोन विद्यापीठांमधील पहिली शर्यत म्हणून किकापूचेच नाव घेतले जाते. त्या दिवशी पुढे कोण गेले, याला आज फारसे महत्त्व उरलेले नाही. दोन्ही होड्या तरंगल्या, एवढे पुरे झाले. नंतरच्या वर्षांत ही लाट एका विद्यापीठातून दुसऱ्यात पसरत गेली.

काँक्रीट पाण्यात तरंगतेच कसे, असा प्रश्न कोणीही विचारील. लोखंडी खिळा बुडतो आणि लोखंडाचे जहाज तरंगते, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. आर्किमिडीजचा नियम लाकूड, लोखंड आणि दगड यांत भेद करीत नाही. तरंगणाऱ्या वस्तूने आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारले पाहिजे, एवढीच त्याची मागणी असते. भांडे पुरेसे खोल आणि पोकळ असेल तर ते मातीचे असो वा सिमेंटचे, ते तरंगते. कोकणातील किंवा गोदाकाठच्या माणसाला हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

काँक्रीटची होडी ही कल्पनाही विद्यार्थ्यांच्या डोक्यातून प्रथम निघालेली नाही. फ्रान्सच्या दक्षिण भागात मिरावाल येथे राहणाऱ्या जोसेफ-लुई लाँबो या जमीनदाराने १८४८ मध्ये लोखंडी तारांच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून एक लहान होडी तयार केली आणि ती आपल्या मळ्यातील तळ्यात सोडली. १८५५ मध्ये त्याने या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात आपली होडी मांडली. लोखंडाने सबळ केलेले काँक्रीट आज जगभर घराघरांत आहे. त्याच्या अगदी पहिल्या वापरांपैकी एक वापर होडीचा होता, ही गोष्ट अनेक अभियंत्यांनाही माहीत नसते. लाँबोची एक होडी ब्रिन्योल येथील संग्रहालयात जतन केलेली आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली आणि काँक्रीटची मोठी जहाजे बांधली गेली. नॉर्वेत निकोलाय फोगनर यांनी १९१७ मध्ये ‘नामसेनफ्योर्ड’ हे स्वतःच्या इंजिनावर चालणारे जहाज समुद्रात उतरवले. अमेरिकेने बांधलेले ‘सेल्मा’ हे तेलवाहू जहाज २८ जून १९१९ रोजी पाण्यात सोडले गेले. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी, म्हणजे ज्या युद्धासाठी ते बांधले ते संपल्यावर! त्याचा सांगाडा टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनजवळ उथळ पाण्यात पडून राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील विख्यात वास्तुविशारद-अभियंता पिएर लुइजी नेर्वी यांनी जाळी व सिमेंट यांच्या जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या कवचाची ‘इरेने’ नावाची १६५ टनी नौका बांधली. थोडक्यात, काँक्रीट तरंगते की नाही, हा वाद केव्हाच मिटलेला होता. विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न अधिक अवघड होता. काँक्रीटची होडी माणसाच्या दंडाच्या बळावर वेगाने चालेल आणि खांद्यावरून उचलून नेता येईल, अशी कशी करावयाची?

येथून हिशेबाला आरंभ होतो, आणि तो थोडा मांडून पाहण्यासारखा आहे. होडी सहा मीटर लांब, तिच्या कवचाचे एकूण क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर आणि जाडी दीड सेंटिमीटर धरली, तर काँक्रीटचे घनफळ एक दशांश घनमीटरपेक्षा किंचित कमी भरते. वाळू व खडीचे नेहमीचे काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम भरते. त्या हिशेबाने रिकामी होडीच सुमारे २३५ किलोग्रॅमची होईल. तिच्यात सत्तर-सत्तर किलोचे चार जण बसले की एकूण भार ५१५ किलोवर जातो. होडी तरंगेल खरी, पण खोल बसेल, आणि जितकी खोल बसेल तितके अधिक पाणी तिला ढकलीत न्यावे लागेल. आता हेच काँक्रीट घनमीटरला ९५० किलोचे, म्हणजे पाण्यापेक्षाही हलके, करता आले तर होडी ९३ किलोची होते. एका माणसाने पाठीवर नेण्याजोगी ती नव्हेच, परंतु सहाआठ जणांनी उचलून पाण्यापर्यंत नेण्याजोगी निश्चित होते.

पाण्यापेक्षा हलके काँक्रीट बनवण्यासाठी खडीला रजा द्यावी लागते. तिच्या जागी फुलवलेल्या काचेचे बारीक मणी, तापवून लाहीसारखे फुगवलेले परलाइट, भाजून फुगवलेली शेल माती, तसेच औष्णिक वीज केंद्राच्या राखेत सापडणाऱ्या सूक्ष्म पोकळ गोळ्या वापरल्या जातात. सिमेंटचा काही हिस्सा काढून राख किंवा लोखंडाच्या भट्टीची मळी घालतात. मिश्रण कमी पाण्यात मऊ राहावे म्हणून रसायने मिसळतात आणि तडे आवरण्यासाठी बारीक तंतू पेरतात. परंतु प्रत्येक सवलतीची किंमत असते. मणी जितके हलके तितके ते नाजूक, आणि मिश्रण जितके हलके तितकी त्याची ताकद कमी. एका मिश्रणाने वजन उतरते पण नमुना दाबयंत्रात लवकर चिरडतो. दुसरे भक्कम निघते, पण बादलीभर पाण्यात टाकताच तळाला जाते. कित्येक संघ एका होडीसाठी अनेक महिने मिश्रणामागून मिश्रण करून पाहतात. प्रत्येकाचे लहान नमुने ठरावीक दिवसांनी यंत्रात घालून फोडतात आणि फुटल्याची नोंद ठेवतात. काय साधले नाही याची वही काय साधले याच्या वहीपेक्षा जाड होते, आणि पुढच्या वर्षीच्या संघाला तीच अधिक उपयोगी पडते.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. घराच्या तुळईत ताण कोठे येणार हे ठरलेले असते आणि सळ्या तेथे घालतात. होडीचे तसे नाही. ती जमिनीवर दोन टोकांना टेकवून ठेवली तर मध्यभागी खाली वाकू पाहते आणि तिचा तळ ताणला जातो. तीच पाण्यात सोडून पुढच्या व मागच्या टोकाशी एकेक वल्हेकरी बसवला, तर पाणी तिला मध्यभागी वर उचलते आणि माणसे टोकांना खाली दाबतात. आता ताण वरच्या काठावर येतो. चार जण बसले की चित्र पुन्हा बदलते. म्हणून कवचाच्या पोटात सर्वत्र जाळी लागते. आरंभीच्या काळात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी षट्कोनी तारेची जाळी वापरीत. पुढे काचतंतूंच्या व कार्बनतंतूंच्या हलक्या जाळ्या आल्या. काही संघ तर पुलाच्या तुळईप्रमाणे होडीतून बारीक तारा ओवून त्या ताणून ठेवतात, म्हणजे काँक्रीट आधीच दाबलेल्या स्थितीत राहते. गंमत अशी, की या सर्व हिशेबांत सर्वांत धोक्याची वेळ बहुधा पाण्यातील निघत नाही. होडी साच्यातून काढताना, उलटी करून उचलताना, ट्रकमध्ये घालून शेकडो किलोमीटर नेताना तिच्यावर जो ताण येतो, तो शर्यतीतील ताणाहून अधिक असू शकतो. वर्षभराच्या श्रमाची होडी रस्त्यातील एका खड्ड्याने तडकली, अशी हळहळ या स्पर्धेच्या जगात नवी नाही.

साचा हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पूर्वी लाकडी फासळ्यांचा सांगाडा करून साचा घडवीत. आता बहुतेक ठिकाणी थर्माकोलचे जाड तुकडे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रावर कापून एकापुढे एक जोडतात. होडीचा आकार ठरवताना मनाची ओढाताण होते. लांब, सरळ तळाची होडी नाकासमोर वेगाने जाते, पण वळण घेताना हटून बसते. तळाला केळीसारखा बाक दिला तर ती चटकन वळते, पण सरळ रेषेत भरकटू लागते. स्पर्धेत दोन्ही प्रकारच्या शर्यती असतात आणि होडी मात्र एकच असते.

मग ओतकामाचा दिवस उजाडतो. त्या दिवशी संघातील एकूण एक हात लागतो. एक गट घटक ग्रॅमपर्यंत तोलून देतो, दुसरा मिश्रण कालवतो, तिसरा ते साच्यावर हाताने थापतो. पहिला पातळ थर, त्यावर जाळी, त्यावर दुसरा थर. सिमेंट कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे एकदा सुरू झालेले काम मध्ये सोडता येत नाही. जाडी सर्वत्र सारखी आहे की नाही, हे ठरावीक उंचीची टाचणी खुपसून पाहत राहावे लागते. कंटाळलेल्या हाताने पंधरा मिलिमीटरच्या जागी अठरा मिलिमीटर थापले, तर वर मांडलेल्या हिशेबातील होडी ९३ किलोऐवजी १११ किलोची होते. तीन मिलिमीटर म्हणजे काही नव्हे, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्या अठरा किलोंचा अर्थ होडी उचलताना खांद्यावर कळतो.

त्यानंतर वाट पाहण्याचे दिवस येतात. होडीवर ओले कापड आणि प्लॅस्टिकचा मांडव घालून तिला दमट हवेत मुरू देतात. काँक्रीटच्या ताकदीचे माप अठ्ठाविसाव्या दिवशी घेण्याचा संकेत सर्वत्र आहे, आणि तो येथेही पाळला जातो. गावातील गटाराचे किंवा शाळेच्या खोलीचे काम झाल्यावर चौथ्या दिवशी पाणी मारणे बंद पडते आणि सहा महिन्यांनी वरचा थर भुकटी होऊन निघू लागतो, हे दृश्य श्रोत्यांपैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे दोष कोणाचा, हे कधी नीटसे ठरत नाही. येथे कवच पंधरा मिलिमीटरचे असल्याने चुकीला लपावयास जागा नसते. ज्याने पाणी मारण्याची पाळी चुकवली, त्याला त्याची चूक दोन महिन्यांत, सर्वांसमक्ष, बारीक तड्यांच्या रूपाने दिसते.

मुरलेली होडी घासण्याचे काम सर्वांत रटाळ. पाणी लावून पॉलिश कागदाने तास न् तास घासावयाचे, कारण खरखरीत तळ पाण्याला अडवतो. कोरडे घासले तर सिमेंट-वाळूची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून तोंडावर मुखवटा बांधणे आवश्यक असते. हे काम बहुधा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. साचा काढण्याची घटका आली की मात्र सगळेच भोवती गोळा होतात आणि कोणी फारसे बोलत नाही.

राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धेची कथा काहीशी चटका लावणारी आहे. ठिकठिकाणच्या शर्यती एकत्र आणून सबंध देशाची एक स्पर्धा भरवावी, असा ध्यास न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक आर. जॉन क्रेग यांनी घेतला होता. १९८५ च्या सुमारास त्यांनी त्यासाठी खटपट चालवली. पण ती फळाला आलेली पाहण्याआधीच त्यांचे निधन झाले. १९८८ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने मिशिगन स्टेट विद्यापीठात, ईस्ट लान्सिंग येथे, पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली. काँक्रीटमध्ये मिसळावयाची रसायने बनवणारी मास्टर बिल्डर्स ही कंपनी तिची पुरस्कर्ती होती. कंपनीचा त्यात स्वार्थ होता, हे उघड आहे. तरीही उद्याच्या अभियंत्यांशी ओळख करून घेण्याची याहून निरुपद्रवी रीत सापडणे कठीण. त्या पहिल्या स्पर्धेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघाने बाजी मारली. पुढे अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल येथील संघाने १९९३ ते २००१ या काळात पाच वेळा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संघाने २००३ पासून २००७ पर्यंत सलग पाच वर्षे विजेतेपद मिळवले.

सलग पाच वर्षे ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातो. पहिल्या विजयातील बहुतेक मुले पाचव्या विजयाच्या वेळी नोकरीला लागलेली असणार. मग टिकले काय? टिकली ती वही, वडीलधाऱ्या विद्यार्थ्याने धाकट्याला शेजारी उभे करून शिकवण्याची रीत आणि स्वतःचे डोके आवरून मुलांना चुका करू देणारा एखादा शिक्षक. हंट्सव्हिल हे अवकाश-अग्निबाण बनवणाऱ्यांचे गाव, त्यामुळे तेथील मुलांना हलक्या व भक्कम पदार्थांचे वारे लागले, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य असेलही, पण होडी शेवटी हातांनीच थापावी लागते.

स्पर्धेत केवळ वेगाला बक्षीस मिळते, असा समज होऊ नये. अनेक वर्षे गुणांचे चार सारखे भाग होते. आखणीचा लेखी अहवाल, पाच मिनिटांचे तोंडी निवेदन व त्यावरील प्रश्नोत्तरे, तयार होडीची पाहणी आणि अखेरीस शर्यती. म्हणजे तीन चतुर्थांश गुण पाण्याला वल्हे लागण्यापूर्वीच ठरत. सर्वांत पुढे येणारा संघ स्पर्धा हरला, असे घडू शकते आणि घडते. काही विद्यार्थ्यांना यात अन्याय वाटतो. परंतु ज्याने पूल उत्तम बांधला आणि त्याचा हिशेब कोणाला समजावून सांगता आला नाही, त्या अभियंत्याचे व्यवहारात काय होते, हे कचेऱ्यांत वावरणाऱ्या माणसांना सांगावयास नको. होडी तडकली आणि दुरुस्त केली तर तेही परीक्षकांना लेखी कळवावे लागते. झाकून ठेवण्याची सोय नाही.

शर्यतीपूर्वी एक कठोर परीक्षा असते. होडी पाण्याने काठोकाठ भरतात आणि खाली दाबतात. तिने आपली आपण पृष्ठभागावर परत आले पाहिजे. जी येणार नाही, तिला शर्यतीत उतरता येत नाही, कारण उलटलेली होडी हाच बुडणाऱ्या माणसाचा आधार असतो. काही संघ टोकांच्या पोकळीत थर्माकोल बसवून वर काँक्रीटचे आवरण घालतात. मिश्रणच पाण्यापेक्षा हलके असेल तर चिंता कमी. बुडवलेली राखाडी होडी हळूहळू वर येते तेव्हा काठावर जो जल्लोष होतो, तो शर्यतीच्या अखेरीसही नेहमी होत नाही.

शर्यती मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या आणि एक दोघा मुलांची व दोघी मुलींची मिळून, अशा होत आल्या आहेत. काही सरळ धावेच्या, काही खुणेच्या तरंडांमधून नागमोडी वळणे घेण्याच्या. या रचनेचा एक परिणाम झाला. ज्या संघात मुली नाहीत, त्याचे गुण आपोआप बुडतात. स्थापत्य अभियांत्रिकीकडे मुली क्वचितच वळत असत, त्या काळात रुजलेल्या या खेळाने मुलींना वर्गणीपुरते न ठेवता वल्हे हाती देऊन संघाच्या मध्यभागी आणले. वल्हवण्याचा सराव मात्र दुसऱ्या होडीत करावा लागतो. खरी होडी मांडवात मुरत पडलेली असते.

या सर्व उद्योगावर टीकाही होते आणि ती अगदीच अनाठायी नाही. पहिल्या पिढीतील होड्या जाड, ओबडधोबड आणि स्वस्त होत्या. पुढे महागडे तंतू, संगणकावरील आकृत्या, देखणी सजावट यांचे प्रस्थ वाढले. ज्या विद्यापीठाकडे सुसज्ज प्रयोगशाळा व देणगीदार आहेत, त्याला साहजिकच झुकते माप मिळते. संघातील मुले रात्र रात्र होडीपाशी घालवतात आणि अन्य विषयांत मागे पडतात, हेही खरे. नियमावली दरवर्षी नव्याने निघते आणि गेल्या वर्षीची हुशारी पुष्कळदा या वर्षी नियमबाह्य ठरते. त्यामुळे थोडाफार तोल सांभाळला जातो, पण दरी पूर्ण बुजत नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे विद्यापीठे बंद झाली, तेव्हा अंतिम शर्यती होऊच शकल्या नाहीत. कित्येक संघांच्या होड्या पाण्याला न लागता राहिल्या.

तरीही ही प्रथा पन्नासहून अधिक वर्षे का टिकली, याचे कारण गुणपत्रिकेत सापडत नाही. अभियंता ज्या वास्तूचा हिशेब करतो तिच्याखाली तो बहुधा स्वतः उभा राहत नाही. धरणाच्या खाली दुसऱ्यांची गावे असतात, पुलावरून दुसऱ्यांच्या गाड्या जातात आणि चुकीचा परिणाम दिसेपर्यंत त्याची बदलीही झालेली असते. परीक्षेतील चूक तर लाल शाईच्या एका रेघेवर भागते. काँक्रीटच्या होडीत मात्र विद्यार्थी स्वतः केलेल्या हिशेबात स्वतः जाऊन बसतो. आकडा चुकला तर पाणी त्याच्याच गुडघ्याशी येते. ही शिकवण कोणत्याही पाठ्यपुस्तकाला देता येत नाही, आणि एकदा मिळाली की ती विसरता येत नाही.

युरोपातही हे वेड पसरले. नेदरलँड्समध्ये १९७८ पासून काँक्रीटच्या कनूंच्या शर्यती होत आल्या आहेत. कालव्यांच्या त्या देशात हे स्वाभाविकच. जर्मनीत सिमेंट उद्योगाने १९८६ मध्ये आरंभलेली शर्यत एक वर्षाआड भरते. जर्मन शर्यतीत एक खुला वर्ग असतो. त्यात वेगाची अट नसते, कल्पकतेला वाव असतो. काँक्रीटचे असावे आणि तरंगावे, एवढे केले की चित्रविचित्र आकारांची यानेही पाण्यात उतरतात. अमेरिकन शिस्तीपेक्षा हा मोकळेपणा काहींना अधिक भावतो.

आपल्याकडील श्रोत्यांना हा सारा दूरदेशीचा खेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवून केलेली फेरोसिमेंटची पाण्याची टाकी ज्याने पाहिली आहे, त्याने लाँबोच्या होडीची सख्खी बहीणच पाहिली आहे. एकीने पाणी बाहेर ठेवावयाचे, दुसरीने आत. जाळी नीट ताणलेली हवी, सिमेंटमध्ये पाणी बेताचे हवे, थर सारखा हवा आणि पुढे अनेक दिवस ओलावा हवा, या चारही गोष्टी दोघींना सारख्याच लागू पडतात. तंत्रनिकेतनातील किंवा माध्यमिक शाळेतील शिक्षकाला सहा मीटरची होडी करण्याची गरज नाही. वीतभर लांबीची, बोटाच्या पेराहून पातळ कवचाची होडी मुलांकडून जुन्या जाळीवर थापून घेता येते, आणि शाळेच्या हौदात ती सोडण्यापूर्वी किती पाटीपेन्सिली तिच्यात मावतील याचा हिशेब फळ्यावर मांडून घेता येतो.

शर्यती संपल्यावर होड्यांचे काय होते? काही विभागाच्या इमारतीत छताला टांगल्या जातात, काही आवारात फुलझाडांमध्ये मांडल्या जातात. जागा अपुरी पडू लागली की जुन्या होड्या हातोड्याने फोडतात, आणि त्या वेळी कवच किती सहज फुटले किंवा किती चिवट निघाले, हेही कोणीतरी टिपून ठेवतो. शेवटच्या वर्षाची मुले निरोप घेऊन जातात. शिशिरापूर्वी नवी नियमावली हाती येते, आणि गेल्या वर्षी पॉलिश कागद घेऊन होडी घासत बसलेला विद्यार्थी आता मिश्रणाची वही उघडून पहिल्या नमुन्यासाठी मणी तोलू लागतो.